लेसर बंद ठेवून घेतलेली मोजणी

सुट्टीवर सोलापूरला आले होते, पण जीव सगळा लॅपटॉपात अडकलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे मार्गदर्शक सर एका परिषदेत माझी मोजणी दाखवणार होते. माझी पीएचडी तिच्यावरच उभी. इलेक्ट्रॉनच्या झोतावर लेसर टाकला की झोत एकसलग राहत नाही, पुढं जाता जाता त्याचे बारीक पुंजके होतात. बारीक म्हणजे किती, तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग, असल्या मापाचे! ते पुंजके माझ्या चित्रात उभ्या रेघा होऊन उमटले होते. सर खूश, मी खूश, आणि आईनं तर गल्लीभर पेढे वाटलेले. थांब म्हटलं तर ऐकेल तर शपथ!

तरी आठ दिवस मी ते चित्र पुन्हापुन्हा उघडून बघत होते. का, ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी वडील मागं येऊन उभे राहिले. त्यांची सारी हयात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या रेघा लई सारख्या अंतरावर हायत की. कशाच्या गं?"

"लेसरमुळं येतात, अप्पा. तशाच यायला हव्यात."

"असंल बाई. आमच्यात सारख्या अंतरावर डाग आला की सुताला नावं ठेवायच्या आधी माग बघायचा. तू तुझा माग बघितलास का?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसले. बिचारे गपगुमान आत गेले. मला रडूच आलं.

दोष मोजणीच्या यंत्राचा असेल तर लेसर बंद असतानाही रेघा दिसणार. लेसर बंद ठेवून घेतलेल्या मोजणीची फाईल उघडली. रेघा जशाच्या तशा! लेसरचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता.

सरांना फोन लावून सांगून टाकलं.

"बरं झालं, आज कळलं," ते म्हणाले. "उद्या हे दाखवत नाही. पण तू तर घरी आहेस. ही मोजणी घेतली कधी?"

खोटं बोलता आलं असतं. लॅबमधून आत्ताच कुणीतरी पाठवली, एवढं म्हटलं तरी भागलं असतं.

"चार महिने झाले, सर," मी म्हणाले. "माझ्याकडंच होती. उघडायची भीती वाटत होती."