उपाशी कुत्रा आणि वाटीभर दही

माकडांमागे धावताना आमचा कुत्रा कुंपणाच्या दगडी गडग्यावरून पडला आणि मागचा पाय उचलून चालायला लागला. पायाला हात लावू देईना. दापोलीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "एक्सरे काढू. भुलीचं इंजेक्शन द्यावं लागेल, तेव्हा सकाळपासून पोटात काही जाता कामा नये." मी सासूबाईंना तीनतीनदा बजावलं. त्या फणकारल्या, "मला काय पडलंय गो त्या कुत्र्याचं!" खरंच, त्यांनी त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता.

तरी बरोबर यायला हटून बसल्या. केळशीहून रिक्षाने दवाखाना गाठला. सुई भरता भरता डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?"

"कडकडीत!" मी ऐटीत म्हणाले.

मागून सासूबाई पुटपुटल्या, "दही काही जेवणात धरत नाहीत ना हो?"

धन्य! महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही घरची रीत यांनी कुत्र्यालाही लावली होती. त्याला हात नाही, म्हणून वाटीभर! मी अशी खवळले! डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत गेली, तर जीव जाईल. उद्या आणा." सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराला कुलूप! मलाही चहा नाही. "वास आला की तो मागणार, आणि मला नाही म्हणवत नाही," म्हणाल्या. म्हणजे इतके दिवस तो मागत होता आणि या देत होत्या तर!

इंजेक्शननंतर कुत्रा टेबलावर आडवा झाला. डोळे उघडे, जीभ बाहेर. सासूबाईंनी हंबरडाच फोडला, "गेला हो! आज दहीसुद्धा दिलं नाही मी त्याला!"

"आजी, झोपलाय," डॉक्टर सांगून थकले. पण एक्सरे होऊन तडकलेल्या हाडाला प्लास्टर घातलं, तो जागा झाला, तरी त्यांचा हात त्याच्या पाठीवरून निघेना. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू?

घरी पोचल्यावर कुत्र्याला उचलून आणलं, तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू! पण हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. कुत्र्यावरून ओवाळून तुकडा अंगणात टाकला आणि म्हणाल्या, "आत घे गो त्याला."

आजवर आमच्यावरून ओवाळून टाकलेला तुकडा अंगणात तोच खायचा. त्या दिवशीचा कावळ्याने नेला.