नदीपासून एक मैल अलीकडे

मिनिआपोलिसजवळच्या आमच्या ईडन प्रेरीच्या मराठी ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच, की कॅन्यनच्या हाइकला पाणी किती न्यायचं, तुझी ती एक्सेल शीट पाठव ना यार. मी पाठवत नाही. शीट अगदी बरोबर आहे. तरी का पाठवत नाही, ते एकदाचं लिहून टाकतो.

गेल्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून आली होती. एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेली बाई. तिच्या घरी खिडकीत छोट्या काचेच्या बाटल्यांची रांग आहे: कृष्णा, नर्मदा, गोदावरी, जिथे जिथे गेली तिथलं पाणी. कोलोरॅडो नदीने एवढा दगड कापला असं जन्मभर पोरांना सांगत आले, तिच्यात एकदा हात बुडवायचा आहे, एवढंच तिचं मागणं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. आत्ता नाही तर कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मिनिआपोलिसहून लास व्हेगासचं विमान, तिथून भाड्याची गाडी, आणि साधारण पाच तासांत पेज हे गाव. वाटेत कनाबला गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. व्हेज खाणाऱ्यांना वाटेत बीन बरिटोशिवाय फारसं काही मिळत नाही. आईने धपाटे केले होते म्हणून निभावलं. पेजला मोटेल आधी बुक करा, ऑक्टोबरात दर चढलेले असतात.

आम्ही निवडलेली वाट कोरड्या ओढ्याच्या पात्रातून साडेपाच मैल जाते आणि नदीला भिडते. चढउतार फार नाही, पण मध्ये पाण्याचा थेंब नाही. म्हणून माणशी चार लिटर. आईच्या पाठीवर दोन, माझ्या पाठीवर सहा, गाडीत आणखी पाच. आईच्या बाटल्यांवर मी टेप चिकटवून वेळा लिहिल्या: नऊ वाजेपर्यंत इथवर, दहापर्यंत इथवर. तिने नदीच्या पाण्यासाठी एक रिकामी काचेची बाटली घेतली, तर वजन कशाला वाढवतेस म्हणून तिच्यावर डाफरलोसुद्धा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरमध्ये रेंजर बाई आईकडे बघून बराच वेळ बोलत होती. किती पाणी प्यायचं, मीठ किती, आणि मग लघवीला कुठे जायचं, दुसऱ्या मैलानंतर डावीकडे मोठे खडक आहेत, बायका तिथे आडोशाला जातात. लागली तर असू दे म्हणून शौचासाठीची एक बंद पिशवीही दिली. तिचं इंग्रजी भराभर, आईला सगळं कळेना. काय म्हणते ती, असं आईने विचारलं. माझे कान तापले होते. मी म्हटलं, "पाणी भरपूर पी म्हणतेय."

सकाळी आठला निघालो. काय देखणा रस्ता होता तो! दोन्ही बाजूंना लाल भिंती, आणि आई थरांवर बोटं फिरवत मला तासभर शिकवत होती. मी मात्र दर तासाला तिची बाटली तपासत होतो. पाणी बरोबर टेपपर्यंत उतरलेलं. मला केवढी शाबासकी द्यावीशी वाटली, स्वतःलाच.

साडेचार मैलांवर ती एकदम बसली. पोटऱ्यांत गोळे, ओठ सुकलेले, डोकं गरगरतंय. मी गडबडलो, कारण पाणी तर वेळेवर गेलं होतं. मग आठवलं, पाणी जास्त आणि मीठ कमी झालं तरी असं होतं, कुठल्याशा ब्लॉगवर वाचलं होतं. डोंबल माझं वाचन! मी तिला खारे दाणे दिले आणि अर्धा तास पाणी पिऊ दिलं नाही. तिने एकदाही मागितलं नाही.

तेवढ्यात नदीकडून साठीची एक अमेरिकन बाई आली. पूर्वी नर्स होती म्हणाली. तिने आईची जीभ बघितली आणि मला पहिला प्रश्न विचारला, की या लघवीला शेवटच्या कधी गेल्या. आता तरी आईला ते मराठीत विचारणं भाग होतं.

"सकाळी, मोटेलवर," आई खाली बघत म्हणाली.

दुपारचे बारा वाजून गेले होते. मग ते पाणी गेलं कुठे, मी विचारलं.

"झुडपांना घातलं. तू सारखा बाटली बघत होतास. आणि प्यायले असते तर जायचं कुठे, अरे? सगळं उघडं."

एसटीत, सहलीत, लग्नाच्या वऱ्हाडात, आई आम्हाला पाणी पाजायची आणि स्वतः ओठ ओले करायची. मी लहानपणापासून बघत आलो होतो. का, ते कधी विचारलं नाही.

त्या बाईने आईची ओढणी दोन काठ्यांना बांधून आडोसा केला. मी पाठ करून उभा राहिलो. नंतर मीठसाखरेचं पाणी घोट घोट, सावलीत दीड तास. आई सावरली, पण आमची परत फिरायची वेळ टळून गेली होती.

"किती राहिलं होतं?" तिने विचारलं.

"एक मैल."

तिने वळणाकडे थोडा वेळ बघितलं आणि काठी उलट्या दिशेला टेकली. परतताना रेंजरने सांगितलेले खडक लागले. जाताना आम्ही तिथेच थांबून फोटो काढला होता. त्या फोटोत आई हसते आहे, तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

तेव्हा कॅन्यनला निघणाऱ्यांनो, माणशी चार लिटर हे खरंच आहे. पण बरोबर आई, मावशी, काकू असतील तर आधी त्यांना नीट, मराठीत, न लाजता सांगा की जायचं कुठे. आडोशाला एक मोठी ओढणी घ्या. लिटर मागाहून मोजा.

आई परत जाताना मी एअरपोर्टच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हटलं, "सीट मधल्या वाटेलगतची घेतलीय. पाणी पोटभर पी, टॉयलेट मागेच आहे."

ती हसली. "आता सांगतोस होय?"

घरी आलो तर तिच्या खोलीच्या खिडकीत ती काचेची बाटली होती. तिने परत नेलीच नाही. लेबलावर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात 'कोलोरॅडो' लिहिलेलं होतं, साताऱ्याहूनच लिहून आणलं असणार, आणि खाली तारखेसाठी जागा सोडलेली होती.