बाबा उठले आणि हॉल उठला

आमच्या घरी रेडिओ नव्हता. शेजाऱ्यांचा आम्ही भिंतीला कान लावून ऐकायचो. बाबा सौदीत अल खर्जच्या डेअरीत वेल्डर होते. त्यांच्या पगारात माझं कॉलेज बसलं, रेडिओ बसला नाही. पुढे मीही सौदीतच, दम्मामला इंजिनियर झालो आणि आमच्या कंपाउंडातल्या, म्हणजे कंपनीच्या वसाहतीतल्या गोऱ्यांच्या गायनवृंदात घुसलो.

यंदा बाबा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनाही आमच्या वृंदाच्या कार्यक्रमाला नेलं. धास्ती एकच होती, कंटाळून मध्येच उठले तर साहेबांसमोर माझी शोभा.

"युरोपातला जुना ओरॅटोरिओ आहे," मी बजावलं. "वेश नाही, अभिनय नाही, नुसती गाऊन सांगितलेली कथा."

"म्हणजे कीर्तनच की. बुवा तेवढे जास्त."

त्यातल्या एका कोरसला म्हणे पूर्वी कुठला राजा उठला होता, म्हणून लोक अजून उभे राहतात. हे सांगायचं राहूनच गेलं. कोरस चढला आणि सगळ्यांच्या आधी बाबाच उठले, वर आरतीच्या टाळ्या! मग साहेबांसकट अख्खा हॉल उठला.

"आरतीला कुणी बसून राहतं का रे? तुझ्या साहेबांना शिकवावं लागलं," बाबा नंतर म्हणाले.

राजा का उठला असेल, ते मला तेव्हा कळलं. घरातला पहिला पदवीधर मी, पण हॉल उभा केला माझ्या बापाने.