दर वेळी नवी

तेलीबांध्याच्या थांब्यावर बसमधून उतरल्या की शोभाताई आधी अंगातला निळा कोट काढायच्या. घडी करून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि मग आमच्या गल्लीकडे वळायच्या. नवा रायपूरच्या एका कार्यालयात त्या सफाईचं काम करतात हे गल्लीत प्रत्येकाला ठाऊक होतं. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "माहीत सगळ्यायले आहे भैया. दिसाले नाही पाहिजे."

नवरा सुरतेला यंत्रमागावर होता. तो परगावी असेपर्यंत गल्ली त्यांच्या नोकरीला मजबुरी म्हणे. दिवाळीला तो आला की तीच नोकरी त्याचा कमीपणा ठरे. म्हणून त्या आदल्या दिवशी काम सोडत आणि तो गेल्यावर पुन्हा ठेकेदाराकडे जात. ठेकेदार त्यांना संडास धुण्यापासून सुरुवात करायला लावी. "नऊ वर्षं झाले, म्या दर वेळी नवीच," त्या हसून सांगत. त्यांनी शिकवलेल्या पोरी सुपरवायझर झाल्या होत्या.

गेल्या दिवाळीला नवऱ्याला सुटी मिळाली नाही. पहिल्यांदाच त्यांचं वर्ष सलग भरलं आणि दोन मजल्यांच्या किल्ल्या हाती आल्या. किल्ल्या मात्र पिशवीत जात नसत. शोभाताई त्या कमरेला खोचून गल्लीतून येत.

उन्हाळ्यात सुरतेचा कारखाना बंद पडला आणि नवरा कायमचा परतला. या वेळी त्यांनी काम सोडलं नाही. आठवडाभराची रजा टाकली आणि मला घरी बोलावलं. मी वर्तमानपत्रात होतो, माझं तो ऐकेल असं त्यांना वाटलं. नवऱ्याने अदबीने बसवलं. म्हणाला, "भैया, आता मी घरी आहो न. बायको झाडू मारून राहिली अन् मी खाटेवर, हे कोण पाहीन?" शोभाताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, विचार करा. चहा प्यायलो आणि निघालो.

आठव्या दिवशी त्यांनी किल्ल्या परत केल्या. नवऱ्याला अजून काम मिळालेलं नाही.

तीजाला, नवऱ्याच्या आयुष्यासाठी धरतात त्या उपासाच्या दिवशी, त्या नळावर भेटल्या. पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायका त्यांचं उदाहरण देत होत्या. जवळ कोणी नाही हे पाहून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाया नवरा राहो म्हून तीजा धरतात. म्या तो परत जावो म्हून धरला. संडासापासून सुरू करीन भैया, पुन्हा."

घरातून नवऱ्याने हाक मारली. त्यांनी भरलेली बादली उचलली आणि डोक्यावर पदर ओढला.