तीन मुठी आणि गुडघाभर

काचवाल्याने आपला भागीदार परसात पुरला आहे, अशी गल्लीत कुजबुज होती. तोही एकदम नाही, दर शुक्रवारी थोडा थोडा. आता भागीदार परगावी धडधाकट होता, वर्षाला एक पत्र पाठवत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अफवेला असल्या किरकोळ गोष्टी आड येत नाहीत. “पत्र काय, कुणीही लिहील,” असं शिवणबाई म्हणायची आणि दाताने दोरा तोडायची. की संपला विषय.

शिवणबाईच्या मशीनसमोरची खिडकी नेमकी काचवाल्याच्या परसावर उघडायची. देवाने डोळे दिले, घरमालकाने खिडकी दिली, आणखी काय हवं? दर शुक्रवारी दुपारी काचवाला दुकान लवकर बंद करायचा. सूर्य मावळला की शब्बाथ, आठवड्याचा विसावा, लागायचा; त्याआत हात धुऊन मोकळं व्हायला हवं. परसात यायचा, इकडे तिकडे बघायचा, गुडघाभर खड्डा खणायचा, पोत्यातलं काहीतरी खाली सोडायचा आणि माती पायाने चांगली दाबून घ्यायचा. सरळ माणूस इकडे तिकडे कशाला बघेल?

इतके दिवस ही नुसती करमणूक होती. पण आता तिच्या लेकीचं लग्न काचवाल्याच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा सोन्यासारखा. पण ज्या परसात उद्या लेक कपडे वाळत घालणार, त्याच्या पोटात काय आहे हे आईला कळायला नको?

एका शुक्रवारी तिने खिडकीतूनच विचारलं, “काय पुरताय, व्याही?”

“कचरा.”

“कचरा लोक टाकतात. पुरतात दुसरंच.”

काचवाला हसला नाही, आणि हेच तिला खटकलं. एरवी हा माणूस काचेच्या कडेला लुकण लावतानासुद्धा विनोद करायचा.

ती थेट रब्बींकडे, प्रार्थनागृहाच्या धर्मगुरूंकडे गेली. रब्बी पुस्तक पुसत होते. म्हणाले, “फुटक्या काचा पुरत असेल. जुन्या काळची धर्मभीरू माणसं काटे आणि काचा आपल्याच शेतात तीन मुठी खोल पुरायची. नांगराने वर येऊ नयेत, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.”

“तीन मुठी?”

“तीन मुठी.”

“हा गुडघाभर खणतो.”

रब्बी पुसायचे थांबले. शिवणबाईने आयुष्यभर मापं घेतली होती. गरजेपेक्षा जास्त कापड मागणारं गिऱ्हाईक काहीतरी झाकू बघतंय, हे तिला पाठ होतं.

“आणि आपल्या शेतात न पुरता दुसऱ्याच्या भिंतीत कोंबल्या तर?” तिने विचारलं. हा प्रश्न तिच्या तोंडून कसा निघाला, तिचं तिलाच कळलं नाही.

“मालकाने भिंत पाडली आणि कुणाला इजा झाली, तर कोंबणारा जबाबदार. माणूस आपल्या हातून होणाऱ्या गोष्टीला कायम बांधलेला असतो, बाई. जागा असो की झोपेत,” रब्बी म्हणाले. पण तिच्याकडे न बघता, पुस्तकाकडे बघत.

तिचा नवरा गवंडी होता. अठरा वर्षांपूर्वी प्रार्थनागृहाच्या अंगणातली जुनी भिंत पाडताना एका पोकळीत त्याचा उजवा हात गेला आणि तळव्याची शीर तुटली. त्या हाताने पुन्हा थापी धरली नाही. तेव्हापासून घर शिवणाच्या मशीनवर चाललं. तळव्यातून निघालेला निळा तुकडा तिने बटणांच्या डब्यात ठेवला होता. प्रार्थनागृहाच्या निळ्या काचांच्या खिडक्या भिंत पाडायच्या आदल्याच वर्षी बसवलेल्या. बसवणारे दोघं, काचवाला आणि भागीदार. भागीदार जरा घाईगडबडीचा, म्हणून तोच असणार, असं शिवणबाईने ठरवलं आणि पाणवठ्यापासून प्रार्थनागृहापर्यंत सांगितलं. नवरा मात्र मरेपर्यंत एवढंच म्हणायचा, “ज्याचं त्याला माहीत.”

दुसऱ्या आठवड्यात ती काचवाल्याच्या दुकानात गेली आणि निळा तुकडा काच कापायच्या टेबलावर ठेवला.

“भागीदाराची ना ही?”

काचवाल्याने हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला. तुकडा उचलून उजेडात धरला.

“माझी,” तो म्हणाला. “शुक्रवार होता, ऊन उतरत होतं. खड्डा खणायचा कंटाळा आला. भिंतीला भोक होतं, त्यात फुटक्या काचा सारल्या आणि वर लुकण फासलं. वाटलं, भिंत काय, आपल्यानंतरही राहील. त्यांचा हात गेला, तेव्हापासून गुडघाभर खणतो.”

“आणि लोक त्याचं नाव घेत होते तेव्हा?”

“गप्प बसलो. तुमच्या दारापर्यंत कितीदा आलो. कडीला हात लावून परत गेलो. एकदा आलो, तर तुमच्याकडे त्यांचा शोक चालू होता.”

“मग त्यांच्या कबरीपाशी जाऊन माफी मागायची. तेही सांगितलंय धर्मात.”

“दहा माणसं न्यावी लागतात, विहीणबाई. दहा जणांसमोर बोलायचं म्हणजे…” वाक्य त्याने सोडून दिलं. मग हळूच म्हणाला, “भागीदार गाव सोडून गेला माझ्या गप्प बसण्याने. आणि तुमच्या बोलण्याने.”

 शिवणबाई तुकडा तिथेच ठेवून घरी आली आणि लेकीला सगळं सांगितलं, आपली बाजू जरा आखडून. लेक आईचीच होती.

“पाणवठ्यावर तूच सांगत होतीस ना?”

“मी फक्त शंका…”

“शंकेने गिऱ्हाइकं तुटली भागीदाराची, आई. सासरे दहा माणसं जमवोत. तू भागीदाराला पत्र लिही. दोन्ही झाल्याशिवाय मी कुणाच्या घरी जाणार नाही, आणि तुझ्याशीही नीट बोलणार नाही.”

रविवारी गवंड्याच्या कबरीपाशी दहा माणसं उभी राहिली. दहावा न्हावी होता, म्हणजे गावभर वेगळं सांगायची गरज उरली नाही. काचवाला बोलला. “ऊन उतरत होतं” ही सबब त्याने या वेळी सांगितली नाही. शिवणबाई मागे उभी राहून तो काही गाळतोय का, हे ऐकत होती. नव्हता गाळत. तिचं स्वतःचं पत्र मात्र चार वेळा फाटलं, कारण दर वेळी त्यात “पण” यायचा. पाचवं गेलं. उत्तर एका ओळीचं आलं: “उशीर झाला, तरी वाचलं.”

मग लग्न झालं. शुक्रवारी दुपारी शिवणबाईची खिडकी अजून उघडी असते. सवय ती सवय.

त्या परसात कुणालाही पुरलेलं नव्हतं. खाली फुटक्या काचा होत्या. भिंतीतल्या काचा काचवाल्याच्या होत्या, आणि भागीदाराचा त्यात काहीही दोष नव्हता.