पंगतीतलं सादरीकरण

पीएचडीची नोंदणी टिकवायची तर वर्षातून एकदा समितीच्या तिघांसमोर, तिघं एकत्र असताना, काम सादर करावं लागतं. माझी मुदत संपत आल्ती. हुकली असती तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, आन् कॉलेजात मी जन्मभर तासिकेवर शिकवणारीच.

पण तिघं एकत्र आणायचे कुठून? माझे गाईड सर परीक्षा विभागाचे प्रमुख. पेपर फुटायच्या धास्तीनं दिवसभर गठ्ठ्यांच्या खोलीत. मॅडम दुसऱ्या कॉलेजच्या प्राचार्य, त्यांच्याकडं उत्तरपत्रिकांची तपासणी. तिसरे सर भरारी पथकात. फोन लावला की नुसता जीपचा आवाज. जुन्या जालन्यातून चकरा मारून मारून माझ्या चपला झिजल्या. असा राग यायचा, वाटायचं तिघांनाबी एका खोलीत कोंडावं आन् बाहेरून कडी लावावी!

मंग कळलं, वडीगोद्रीला गाईड सरांच्या भाचीचं लग्न हाय आन् बाकी दोघांनाबी आवतण हाय. सर म्हणाले, "लॅपटॉप घेऊन ये. तिथंच उरकून टाकू."

जानवशाच्या खोलीत पहिली स्लाईड लावली, तेवढ्यात माईकवर पुकारा झाला: नवरीच्या मामांनी जल्दी स्टेजवर यावं. सर पळाले. ते आले तर तिसऱ्या सरांना टॉवेल-टोपीच्या सत्काराला नेलं. ते आले तर मॅडमचा फोन. शेवटी लॅपटॉपच बंद पडला. मला रडूच फुटलं.

वाचवलं ते पंगतीनं. आमच्याकडं सगळ्यांचं जेवण झाल्याबिगर पंगतीतून कुणी उठत न्हाई. तिघं शेजारी-शेजारी बसले आन् मी वाढणाऱ्याच्या हातातली वरणाची बादली हिसकून घेतली. हातात पळी, तोंडानं प्रकरण दुसरं, तिसरं, चौथं. पंगत लांबावी म्हणून तिसऱ्या सरांच्या पत्रावळीवर वरणावर वरण. "अगं, बास की!" ते वरडून राह्यले.

माझा विषय कुंभार पिंपळगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायका. मॅडमनी हातातला घास थांबवला. "दुसऱ्या प्रकरणात बायका स्वतः भाव ठरवतात म्हणतेस, चौथ्यात नवऱ्याला विचारून. खरं काय?"

मी बादली खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, मीबी न्हाई. बोलता बोलताच मला कळत गेलं. "मॅडम, विचारत कुणीच न्हाई. भाव कमी करायचा नसला की म्हणतात, मालकाला विचारावं लागंल. गिऱ्हाईक गप होतं. मालक तर बाजारात आलेलाच नसतो."

मॅडम खुदकन हसल्या. "अगं, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं नाव मी पण असंच घेते." दोघं सर बिलकुल मान वर न करता जेवत राह्यले.

हात धुवायच्या टाकीपाशी तिघांनी सह्या केल्या. नोंदणी वाचली.

पुढच्या महिन्यात गाईड सरांचा फोन आला. "परीक्षेचं काम तुंबलंय. रविवारी दिवसभर ये."

"घरी विचारून सांगते, सर."

"बराबर हाय. विचार, विचार," सर म्हणाले.

घरी मी एकटीच राहते.