तिसऱ्या प्लगचे आटे

माझ्या बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं होतं, हे मी घरात वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. मला साखरेचा आजार, त्यात असं होतं, एवढं ऐकून माहीत होतं. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही थांबल्या. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. एकदा गरम सायलेन्सरला करंगळी टेकली आणि कातडी जळल्याचा वास आला तेव्हा मला समजलं. तो फोड मुलीने पाहिला. लक्ष नव्हतं, असं मी सांगितलं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून तिने मला गाडीचं काम करायला बंदी केली.

"बाबा, तू नुस्तं बसून सांग. करायचं ते मी करीन."

गाडी म्हणजे आमचा छोटा सीएनजी ट्रक. तीस वर्षं मी आमच्या गव्हाण गावापासून पनवेलपर्यंत आणि इकडे उरणपर्यंत गाड्या चालवल्या. आधी दुसऱ्यांच्या, मग ही स्वतःची. डोळे कमी झाले तशी मुलगी चालवायला बसली. ती तिशीची. पनवेलला एका ऑफिसात चार वर्षं कॉम्प्युटरपुढे बसली आणि कंटाळून एक दिवस म्हणाली, किल्ली दे. गावात लोक हसले. नंतर तेच लोक तिला हात दाखवून थांबवायला लागले, आम्हांला पण सोड म्हणून.

आमचं काम ठरलेलं होतं. पनवेलची एक लाँड्री दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे धुते. ते इस्त्री केलेले गठ्ठे सकाळी दवाखान्यांत पोचवायचे आणि मळलेले परत आणायचे. रविवारी गाडी उभी असायची.

अशाच एका रविवारी मुलगी ओव्याला, मैत्रिणीच्या गावी, तिच्या हळदीला गेली. आदल्या दिवशी ती म्हणाली होती की गाडी सिग्नलला उभी असली की जरा मिस होते, इंजिनाचा ठोका चुकतो. मला राहवेना. वाटलं, इंजिनातले ठिणगी पाडणारे प्लग काढून साफ करून परत लावतो, अर्ध्या तासाचं काम. ती येऊन गाडी चालू करील तेव्हा तिला फरक कळेल. बसून सांगायचा मला खरोखर कंटाळा आला होता.

सीट उचलली, खाली इंजिन. चारही प्लग काढले, पुसले. मग एकेक बसवत गेलो. प्लग नेहमी आधी बोटांनी फिरवत न्यायचा असतो. आटे एकमेकांत सरळ शिरले की बोटांना ते लगेच कळतं. पाना अगदी शेवटी लावायचा. हे मी स्वतःच मुलीला शिकवलं होतं. पण माझ्या बोटांत प्लग फिरतोय की नुसता घसरतोय, तेच मला कळेना. दोन कसेबसे बसले. तिसऱ्याला मी सरळ पाना लावला. तो जड गेला. मी जोर दिला. मग एकदम पाना हलका झाला, लोण्यात फिरल्यासारखा.

त्या हलकेपणाचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. प्लग वाकडा शिरला होता आणि त्याने इंजिनातले आटे कापून टाकले होते. तरी मी चौथा बसवला आणि गाडी चालू केली. ती चालली. मी सीट खाली टाकली, हात धुतले आणि स्वतःला सांगितलं, चाललीय ना, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"बाबा, सीटखाली बंदुकीसारखा आवाज झाला. प्लग उडाला वाटतं. ग्यासचा वास येतोय."

"ग्यासच्या बाटल्याचा कॉक बंद कर!"

"केला. मी लांब उभी हाय. बाबा, मीच गेल्या महिन्यात प्लग लावले व्हते. नीट आवळला नसंल."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मी एवढंच म्हटलं, "तू बरी हायस ना?"

ती बरी होती. कळंबोलीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, बाजूने कंटेनर जाताहेत, अशी ती अर्धा तास उभी होती. लाँड्रीवाल्यांनी दुसरी गाडी पाठवून गठ्ठे नेले. आमचा ट्रक ओढत पनवेलला आणला, जुन्या बाजाराच्या मागे, माझ्या ओळखीच्या मिस्त्रींकडे. मी रिक्षाने पोचलो.

हे मिस्त्री पनवेलचेच, माझ्याच वयाचे. वीस-बावीस वर्षं आखातात मोठ्या गॅरेजात काम करून परत आलेले. बोलणं कमी, हात स्वच्छ. दर कामानंतर ते हात साबणाने धुतात. त्यांनी सीट उचलली, हातातली बॅटरी पेटवून प्लगच्या भोकात बराच वेळ पाहिलं आणि उडालेला प्लग हातात घेतला. त्याच्या आट्यांत धातूचा चांदीसारखा चकचकीत कीस अडकला होता.

"चाचा, चूक माझी," मुलगी म्हणाली. "महिन्यापूर्वी मीच लावले होते."

मिस्त्रींनी कीस नखाने काढला, उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. महिनाभर इंजिनात राहिलेला कीस काळा पडतो. हा काल-परवाचा होता. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलंय हे मलाही कळलं.

"इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागेल का?" तिने विचारलं.

"इन्शाअल्ला नाही. खालचे आटे शाबूत आहेत. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडू, आत स्टीलचा बुश, आटेवाली नळी, बसवू. बेटी, समोरच्या गल्लीतून बुश पक्का बसवायचा डिंक आण. नाव लिहून देतो."

ती गेली. मिस्त्रींनी स्टूल ओढून मला त्यावर बसवलं आणि म्हणाले, "भाऊ, हात दाखव."

मी दाखवला. त्यांनी माझ्या तर्जनीच्या टोकाला पेन्सिल टोचली. "कळतं?"

"नाय."

"किती दिवस?"

"वर्ष झालं."

मला वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाहीत. माझा हात त्यांनी तसाच धरून ठेवला. म्हणाले, "माझ्या वालिदचं, बापाचं, असंच होतं. मी तुझं कोणाला सांगणार नाही. ते तुझं तू बघ. पण ती पोरगी आता समजतेय की तिचा हात कच्चा आहे. उद्यापासून प्रत्येक नट आवळताना ती दोनदा घाबरेल. चांगला हात आहे तिचा. खराब होईल."

गॅस, सीटखाली इंजिन, वर बसलेली माझी मुलगी, हे सगळं तोवर मी डोक्यात येऊ दिलं नव्हतं. ते तिथे स्टुलावर एकदम आलं.

ती डिंकाची बाटली घेऊन परत आली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तू नाय केलंस. मी केलं. रविवारी. तू ओव्याला गेलीस तवा."

ती थांबली. "तू प्लग काढलेस?"

"हो. बोटं बधिर झाल्यात माझी. तिसरा वाकडा गेला. मला कळलं व्हतं."

"कळलं व्हतं? आणि मला सकाळी गाडी घेऊन जाऊ दिलीस?"

ती बाटली मिस्त्रींच्या हातात देऊन बाहेर गेली आणि गॅरेजच्या पायरीवर पाठ करून बसली. मिस्त्रींनी कामाला सुरुवात केली. आटे पाडायच्या टॅपला त्यांनी ग्रीस फासलं, कीस इंजिनात न पडता त्याला चिकटावा म्हणून. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे. टॅप बाहेर काढायचा, पुसायचा, नवं ग्रीस लावायचं, पुन्हा आत. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. मी बॅटरी धरून उभा होतो. तेवढं मला जमत होतं.

मधेच ती आत आली. डोळे पुसलेले होते. माझ्या हातातली बॅटरी घेऊन म्हणाली, "मी धरते. बस." मग मिस्त्रींना म्हणाली, "चाचा, मला दाखवा कसं करता."

बुश बसला, डिंक सुकायला दुपार झाली. हवेच्या पाइपने आत राहिलेला कीस उडवला. मग मिस्त्रींनी प्लग तिच्यापुढे धरला. "तू लाव."

"मी?"

"तूच."

तिने तो बोटांनी फिरवत नेला, सावकाश, अगदी शेवटपर्यंत. मग पाना मागितला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. मिस्त्री कान लावून ऐकत राहिले, मान हलवली आणि साबण शोधायला गेले.

आम्ही गव्हाणला घरी पोचलो. गाडी उभी करून तिने विचारलं, "दोन्ही हातांना हाय का?"

"दोन्ही. पायालापण थोडं."

त्याच आठवड्यात ती मला पनवेलला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, हा ताठ दोरा बोटाला टेकला की हो म्हणा. मी वाट पाहत बसलो. चार-पाच वेळा हो म्हणालो. त्यांनी दोरा खरोखर किती वेळा टेकवला, हे मला माहीत नाही. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. डोळे उघडले तेव्हा तिने माझा खांदा धरला होता आणि तो ती सोडत नव्हती.

गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, उरलेलं जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. साखरेच्या गोळ्या बदलल्या, अनवाणी चालू नका म्हणाले. बाहेर आल्यावर तिने आधी मला बाजारात नेऊन पुढून बंद असलेल्या चपला घेतल्या. त्या पायात घालायला तिनेच वाकून मदत केली, दुकानदारासमोर. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

"उद्या खारघरचा फेरा वाढलाय," ती म्हणाली. "गठ्ठे मोजायला, सह्या घ्यायला माणूस पायजे. येशील?"

"सही करता येते मला," मी म्हणालो.

"मंग साडेपाचला उठ."